आम्ही नर्सबाईचे नाव लिहिले



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरच्या एका निवासी शाळेत नववीची एक मुलगी रात्री तापाने फणफणली. पाय दुखतात, छाती दुखते म्हणून रात्रभर कण्हत राहिली. पहाटे साडेचारला कुणाची तरी खासगी गाडी मिळाली आणि तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून नागपूरला. मुलीला सिकलसेलचा आजार होता. ती वाचली, हे आधीच सांगून टाकतो.

चौथ्या दिवशी आम्ही चौदा कार्यकर्ते प्रकल्प कार्यालयावर गेलो. निवेदन आदल्या रात्री विहारात बसून लिहिले होते. पहिलीच मागणी होती : 'निष्काळजी परिचारिकेवर तात्काळ कारवाई करण्यात यावी.' खाली तिचे पूर्ण नाव. मुख्याध्यापकांचे नाव तिसऱ्या मागणीत, तेही 'चौकशी व्हावी' अशा मवाळ भाषेत. अधिकाऱ्यांनी निवेदन हातात घेतले, फोटो काढला गेला, स्थानिक पेपरात आला. आठ दिवसांत ठेकेदाराने त्या बाईला कामावरून काढले. आम्ही ते स्टेटसला ठेवले. चळवळीत जिंकण्याचे प्रसंग कमीच येतात, त्यामुळे एखादा आला की तो नेमका कुणाविरुद्ध जिंकलो, हे पाहायची सवय राहत नाही.

पुढे मुलीच्या वडिलांच्या नावाने माहिती अधिकारात अर्ज केला. आम्हाला हवी होती औषध खरेदीची बिले. बिलांबरोबर आजारी मुलींच्या नोंदवहीच्या झेरॉक्सही आल्या. त्या रात्रीचे पान होते. अक्षर शाळकरी, ओळी वाकड्या.

'रात्री 9.40. ताप 102. छातीत दुखते म्हणते. सिकल एस.एस. दवाखान्यात न्यावे लागेल. मु.अ. सरांना फोन केला. सकाळी बघू म्हणाले. गाडी नाही.'

'11.15. परत फोन. उचलला नाही. अधीक्षिका मॅडम रजेवर.'

'1.30. ताप 103. ओल्या फडक्याने अंग पुसले. पाणी पाजत आहे.'

'2.10. सरांचा फोन आला. सुई द्या म्हणाले. दुखण्याचे इंजेक्शन दिले.'

निवेदन लिहिताना हे पान शाळेच्या कपाटातच होते. आम्ही मुलीच्या आईला भेटलो होतो, गावच्या सरपंचांना भेटलो होतो, दोन पत्रकारांना भेटलो होतो. ज्या बाईचे नाव लिहिले तिला भेटलो नव्हतो.

मग भेटायला गेलो. तालुक्याच्या गावात, बौद्धवस्तीत, दीड खोलीचे घर. दारात निळी पट्टी, आत भिंतीवर बाबासाहेब आणि तथागत. आडनावावरून आम्ही ती कोण असेल याचा अंदाजही बांधला नव्हता, ही आमची दुसरी चूक. अर्थात ती दुसऱ्या कुठल्या समाजाची असती तरी अन्याय तेवढाच असता, पण आपल्याच घरासमोर जाऊन उभे राहिल्यावर चूक जास्त बोचते, हे खोटे कशाला सांगा. तिने ओळखले. म्हणाली, "दादा, तुमीच होते ना फोटोत?" आणि चहा ठेवला.

आम्ही विचारले, ताई, 108 ला तुम्ही स्वतः का नाही फोन केला?

"केला असता जी. आधीच्या वर्षी एका पोरीला केला होता. गाडी आली, पोरगी बरी झाली. मंग मला मेमो भेटला. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय रुग्णवाहिका बोलावली म्हणून. ठेकेदार म्हने, अजून एकदा असं केलं तं घरी बस."

आणि सुई? ती गप्प राहिली. मग म्हणाली, "ते माह्यं चुकलं."

ते खरोखर चुकले होते. कार्यकर्ता म्हणून आपल्याला एक वाईट सवय आहे, पीडित ठरवला की त्याला सगळ्या चुकांतून मोकळा करायचा. तसे इथे करणार नाही. सिकलसेलच्या मुलीला ताप, त्यात अंगातले पाणी कमी झालेले, अशा वेळी काही वेदनाशामक औषधे मूत्रपिंडाला इजा करू शकतात. कोणते औषध, किती, कोणत्या वाटेने, हे डॉक्टरने ठरवायचे. ते ठरवण्याचे शिक्षण तिच्याकडे नव्हते. शाळेच्या कपाटात कुणाच्या तरी काळातली इंजेक्शने पडून होती, हुकूम फोनवरून आला आणि तो हुकूम देणाऱ्याने मराठीत बी.एड. केलेले होते.

तिच्या शिक्षणाबद्दल थोडे सांगावे लागेल, कारण हा लेख वाचणाऱ्या अनेकांच्या बहिणी आज त्याच वाटेवर आहेत. बारावीनंतर तिने तालुक्यातल्या एका खासगी संस्थेत सहा महिन्यांचा 'नर्सिंग असिस्टंट' कोर्स केला. फी आईने बचत गटातून कर्ज काढून भरली. जाहिरातीत 'नोकरीची हमी' लिहिले होते, पांढऱ्या कपड्यातल्या मुलीचा फोटो होता. कोर्स संपल्यावर कळले की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते ती एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलेल्यांची. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर कौन्सिलचा नंबर मिळत नाही. पण ठेकेदाराला नंबर नकोच होता. त्याला कागदावर 'परिचारिका' लिहायला एक बाई हवी होती आणि ती कमीत कमी पैशात हवी होती. महिन्याला आठ हजार हातात यायचे, तेही दोन-तीन महिन्यांनी. राहायचे शाळेतच, म्हणजे ड्युटी चोवीस तास.

म्हणजे शाळेच्या कागदावर ती नर्स होती, प्रशिक्षणाने सहाय्यक, पगाराने मोलकरीण आणि आमच्या निवेदनात आरोपी.

या जागेवरची बाई करते काय, हे आम्ही त्यानंतर तीन-चार निवासी शाळांत जाऊन मुद्दाम पाहिले. सकाळी प्रार्थनेआधी कोण उठली नाही ते बघणे. खरूज कुणाला झाली, केसात उवा कुणाच्या, कुणाचे गळू चिघळले, कुणाला पहिल्यांदा पाळी आली आणि ती घाबरून संडासात बसली आहे. जखम धुणे, पट्टी बदलणे, वजन-उंची मोजणे, ताप मोजून वहीत लिहिणे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली गोळी वेळेवर देणे आणि ती तोंडात गेली की उशीखाली गेली ते पाहणे. सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या वाटताना, ज्या मुलीला वारंवार रक्त चढवावे लागते तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती द्यायची नाही, एवढे लक्षात ठेवणे. 10 फेब्रुवारीला जंतनाशक गोळी. आणि आजारी मुलीला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर दोन-दोन तास बसणे.

यात कुठेही रोगनिदान नाही, औषधयोजना नाही. तरीही एका शाळेतल्या अशाच एका बाईने आम्हाला जे सांगितले ते कोणत्याही डॉक्टरच्या अहवालात आम्ही वाचलेले नव्हते. ती म्हणाली, उन्हाळ्यात सिकलच्या पोरींचे दुखणे वाढते कारण पोरी पाणीच पीत नाहीत, आणि पाणी पीत नाहीत कारण संडास घाण आहेत, रात्री तिथे दिवा नसतो आणि रस्त्यात कुत्री असतात. लघवीला जावे लागू नये म्हणून मुली दुपारनंतर तांब्याला हात लावत नाहीत. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांतच मरते. अंगातले पाणी कमी झाले, थंडी वाजली, ताप आला की त्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मुलगी वेदनेने लोळते. हे शास्त्र सगळ्या माहितीपत्रकांत असते. संडासाचा बल्ब आणि मुलीच्या छातीतले दुखणे यांचा संबंध मात्र त्या सहा महिने शिकलेल्या बाईने जोडला. तिने मुख्याध्यापकांना बल्ब लावायला सांगितले. त्यांनी सांगितले, तुम्ही तुमचे गोळ्या वाटायचे काम करा.

सिकलसेल हा विदर्भात आपला प्रश्न आहे, हे वेगळे सांगायला नको. गोंड, माडिया वस्त्यांत आहे आणि पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध घरांतही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो दिव्यांगत्वाच्या यादीत आला. 2023 साली केंद्र सरकारने 2047 पर्यंत तो संपवण्याचे अभियान जाहीर केले, त्यात सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. तपासणी व्हायलाच हवी. पण कार्ड देऊन झाल्यावर त्या मुलीच्या उशाशी रात्री कोण असते, हा प्रश्न अभियानाच्या फलकावर मावत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याच्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक एएनएम किंवा स्टाफ नर्स असावी असे ठरलेले आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा यायचे असते. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दोन शिक्षकांना आरोग्यदूत करायचे ठरले. पथक दुपारी परत जाते, आरोग्यदूत शिक्षक संध्याकाळच्या बसने तालुक्याला जातात. उरलेल्या रात्री कामाठी, चौकीदार आणि ही बाई.

आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंची चर्चा नवी नाही. 2016 मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समितीही नेमली गेली होती. तेव्हापासून आपण दर मृत्यूनंतर तेच करतो : निवेदन, मोर्चा, निलंबन. निलंबित होतो तो बहुधा सगळ्यात खालचा.

आता मुद्द्यावर येतो. या बाईच्या कामाला मर्यादा हवी, हे आम्ही मान्य करतोच, तसा आग्रहच धरतो. तिने स्वतःच्या मनाने सुई देऊ नये, सलाईन लावू नये, 'मलेरियाच असेल' म्हणून गोळ्या देऊ नयेत. जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार चावली तर पाय आवळून बांधू नये. मण्यारीचा दंश अनेकदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही, म्हणून पहाटे मूल पोटात दुखते म्हणाले आणि पापण्या जड झाल्या तर वाट पाहू नये. प्रतिविष रुग्णालयातच मिळणार. ही झाली ज्ञानाची मर्यादा. ती मुलांच्या रक्षणासाठी आहे.

पण त्या रात्री तिला ज्या मर्यादेने अडवले ती ज्ञानाची नव्हतीच. 'दवाखान्यात न्यावे लागेल' हे तिने रात्री 9.40 ला लिहिले होते. म्हणजे जेवढे ओळखायला हवे होते तेवढे तिने बरोबर ओळखले. तिला अडवले ते हुद्द्याने, ठेक्याने, मेमोने. मोफत 108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे, कुणीही बोलावू शकतो. रस्त्यावरचा अनोळखी माणूस बोलावू शकतो, पण शाळेची नर्सबाई परवानगीशिवाय बोलावू शकत नाही! आणि जिथे तिने थांबायला हवे होते, त्या सुईपाशी, तिथे तिला ढकलले गेले. जे करायला ती लायक होती ते करू दिले नाही, जे करायला लायक नव्हती ते करायला लावले.

बाबासाहेबांनी 1936 सालीच सांगून ठेवले की जातिव्यवस्था ही नुसती श्रमविभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. एम.ए.ला समाजशास्त्राच्या पेपरात हे वाक्य आम्ही पाठ करून लिहिले आणि मार्कही घेतले. त्याचा अर्थ त्या नोंदवहीत दिसला. आपल्या आज्या-पणज्या बाळंतपणे करायच्या. नाळ कापायची, घाण उचलायची ती मांग-महार वस्तीतली बाई. हात लागायचा तिचा, पण तिच्या शब्दाला घरात किंमत नसायची, आणि बाळ दगावले की बोल मात्र तिच्यावर. पांढरा ॲप्रन आला, प्रमाणपत्र आले. शरीराच्या जवळचे काम अजून आपल्याच बायांकडे आहे आणि निर्णय दुसऱ्याकडे.

यावर आमच्यातल्याच काही साथींचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, तुम्ही अर्धशिक्षित बाईची बाजू घेता म्हणजे आपल्या पोरांना अर्धशिक्षित नर्सच मिळावी असे म्हणता. शहरातल्या महागड्या शाळेत नोंदणीकृत नर्स असते, वेळप्रसंगी डॉक्टर येतो. आपल्या पोरांनाच सहाय्यक का? बरोबर आहे. प्रत्येक निवासी शाळेत नोंदणीकृत नर्सचे नियमित पद हवे, ते आरक्षणाच्या बिंदुनामावलीप्रमाणे भरले गेले पाहिजे. सहाय्यक ठेवून 'पद भरले' अशी खूण करणे ही फसवणूक आहे. ठेक्याच्या वाटेने आरक्षण कसे मारले जाते हे आपण ओळखून आहोत. पण नियमित नर्स आली तरी दोनशे मुलींमागे ती एकटी पुरणार नाही, रात्रपाळीला तिला माणूस लागेलच. सहाय्यक हवीच, नर्सच्या हाताखाली हवी, नर्सच्या ऐवजी नको. आणि तिला पुढे एएनएम करण्याची वाट हवी. तोवर जी बाई आज रात्री तिथे एकटी आहे तिला वाऱ्यावर सोडायचे का, याचे उत्तर या साथींनी अजून दिलेले नाही.

तथागतांचा तो प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. हगवणीने आजारी पडलेला भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला, कुणी बघत नाही. तथागत आणि आनंद त्याला स्वतः धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये रुग्णांविषयीची ही काळजी आवर्जून घेतली आहे. आम्ही वर्षावासात हे ऐकतो आणि करुणेवर मान डोलावतो. पण विनयपिटकात त्याच्याच पुढे, रुग्णाची सेवा करणारा कसा असावा हेही सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे, रुग्णाला हितकर काय आणि अहितकर काय हे कळावे, त्याने सेवा मैत्रीने करावी, लाभासाठी नव्हे, मलमूत्राची किळस करू नये, धम्माच्या बोलण्याने धीर देता यावा. यात किळस न करणे आणि मैत्री तर आहेच, पण हितकर-अहितकर कळणे त्याच्याही आधी येते. सेवा हे कौशल्य आहे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले. आपण मात्र 'बाई मायाळू आहे' एवढ्यावर तिला नेमतो आणि 'बाई निष्काळजी आहे' एवढ्यावर तिला काढतो.

सावित्रीमाईंचेही तसेच. 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. डॉक्टर यशवंतराव होते. माईंनी त्या मुलावर स्वतः उपचार केले नाहीत, त्याला उपचारांपर्यंत नेले, आणि त्यातच त्यांना लागण झाली. 10 मार्चला त्या गेल्या. माईंना वाटेत कुणी परवानगी विचारली नव्हती, आणि मेमोही दिला नव्हता.

आम्ही नवे निवेदन लिहिले. त्यात नर्सबाईचे नाव होते, पण परत घेण्यासाठी. आजारी मुलीला दवाखान्यात न्यायचे की नाही हे रात्री जी आरोग्यसेवा देणारी व्यक्ती हजर असेल तिने ठरवावे, 108 बोलावण्यासाठी कुणाची परवानगी लागू नये, तशा लेखी आदेशाची प्रत कार्यालयाच्या भिंतीवर असावी, आणि त्याच कागदावर तिने काय करायचे नाही तेही स्पष्ट असावे. सुई नाही, सलाईन नाही, चिठ्ठीशिवाय औषध नाही, आणि तसा हुकूम देणाऱ्यावर कारवाई. तिच्या कामावर देखरेख मुख्याध्यापकांची नको, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची हवी. सिकलच्या मुलींची यादी तिच्याकडे असावी पण फळ्यावर लिहू नये. 'सिकलवाल्या पोरी इकडे या' असे मैदानात ओरडलेले आम्ही ऐकले आहे. घरचे लोक लग्नाच्या भीतीने कार्ड का लपवतात, ते त्या दिवशी समजले. आणि संडासात बल्ब.

या वेळी पेपरवाले आले नाहीत. अधिकाऱ्यांनी सांगितले, बाईचा प्रश्न ठेकेदाराचा आहे. ठेकेदाराने सांगितले, ठेका संपला. बल्ब लागले, चार. आदेश 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनासाठी' पाठवला आहे.

त्या मुलीला मागच्या महिन्यात भेटलो. अकरावीत आहे, दुसऱ्या गावी. त्या रात्रीचे तिला फारसे आठवत नाही. सिस्टर सारखे पाणी पाजत होत्या आणि झोपू नको म्हणून पाढे म्हणायला लावत होत्या, एवढे आठवते. सतराच्या पाढ्यावर अडकले, म्हणाली.

नर्सबाईंकडे माफी मागायला पुन्हा गेलो होतो. त्या म्हणाल्या, "माफीचं काय करू दादा? अनुभवाचा दाखला काढून द्या. अडीच वर्षं काम केलं, कागद नाई भेटला." एका खासगी रुग्णालयात जागा आहे, दाखला मागतात. ठेकेदाराच्या नागपूरच्या ऑफिसात आम्ही तीनदा जाऊन आलो. येत्या सोमवारी चौथ्यांदा जाणार आहोत. ज्यांनी पहिल्या निवेदनावर सह्या केल्या होत्या त्या चौदाही जणांनी यावे. सकाळी 8 ची बस आहे.